ज्याचे त्याचे हेल्मेट

सातपूरला, भोसरीला किंवा कोल्हापूरनजीकच्या शिरोलीला, जेथे पत्र्याच्या शेडखाली खिडक्यांच्या जाळ्या, फाटके आणि जिन्यांचे कठडे तयार होतात, तेथे दुपारच्या वेळी डोकावणाऱ्यास हे दृश्य पुष्कळदा दिसते की, कारागीर डाव्या हाताने पट्टी धरून, मान वळवून आणि डोळे घट्ट मिटून वेल्डिंगचा टॅक, म्हणजे तात्पुरता जोड, मारीत आहे, व त्याचे हेल्मेट मात्र भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले आहे. या वर्तनास बेफिकिरी म्हणण्याचा प्रघात आहे. मला तो अन्यायाचा वाटतो. ते हेल्मेट एकदा आपल्या डोक्यावर चढवून पाहावे. ते नाकापर्यंत घसरते, मागचा पट्टा मानेत रुततो, झडप हवी तेव्हा पडत नाही व नको तेव्हा पडते, आणि काचेवर ठिणग्यांचे इतके व्रण असतात की जोडाची रेषाच दिसेनाशी होते. जे साधन कामाच्या आड येते ते हाताने पोट भरणारा माणूस बाजूस ठेवणारच.

वेल्डिंगच्या ज्योतीतून डोळे दिपविणाऱ्या प्रकाशाबरोबर अदृश्य अतिनील किरण निघतात व ते बुबुळावरील पारदर्शक पटलाचा वरचा थर भाजून काढतात. परंतु वेदना त्याच क्षणी होत नसून काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू शिरल्याप्रमाणे सुरू होत असल्यामुळे, कारण आणि परिणाम यांची सांगड मनात बसत नाही, आणि बटाट्याचे काप डोळ्यांवर ठेवून रात्र काढलेला माणूस सकाळी पुन्हा त्याच रीतीने कामाला लागतो. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगच्या अतिनील किरणांची गणना कर्करोगाच्या सिद्ध कारणांत केली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

हेल्मेट डोक्याला बसविणे हे काम दहा मिनिटांचे आहे, पण ते प्रत्येक डोक्यासाठी स्वतंत्रपणे करावे लागते. प्रथम माथ्यावरचा पट्टा असा ठेवावा की कपाळावरची पट्टी भुवयांच्या किंचित वर टेकेल. मग मागची कळ फिरवून पट्टा कवटीच्या फुगीर भागाखाली आवळावा, तो इतकाच की खाली वाकल्यावर हेल्मेट हलू नये आणि कपाळावर वळही उठू नये. नंतर काच दोन्ही डोळ्यांपासून सारख्या अंतरावर आहे ना, झडप खाली आल्यावर हनुवटी व गळा झाकला जातो ना, हे पाहून बाजूचे स्क्रू अशा बेताने कसावेत की मानेच्या एका हिसक्यासरशी झडप पडेल आणि वर केली असता वरच थांबेल. हा हिसका साधला की डोळे मिटून टॅक मारण्याचे प्रयोजनच उरत नाही, आणि माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म येथे आहे. रॉडच्या कामात 160 अँपिअरपर्यंत दहा नंबरची व त्यापुढे 250 पर्यंत बारा नंबरची काच सामान्यतः योग्य मानतात. आपोआप काळवंडणारी काच असेल तर तिची बॅटरी व पुढचे संवेदक कामापूर्वी तपासावेत. जोडावरची मळी (स्लॅग) ठोकून काढताना झडप वर असते, सबब आत साधा चष्मा हवाच.

1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 35 व्या कलमात डोळ्यांच्या रक्षणासाठी पडदे अथवा चष्मे पुरविण्याविषयी तजवीज करण्यात आली; तथापि दोन-तीन माणसांची शेड कारखान्याच्या व्याख्येतच बसत नव्हती, आणि पुरविलेली वस्तू अंगास बसते की नाही याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसते. ते पाहण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. जाळीच्या मापात एका सुताची चूक जो चालवून घेत नाही, त्याने आपल्या माणसाच्या डोक्याचे माप घेण्याची तसदी का घेऊ नये? चौघांत एक हेल्मेट ही काटकसर बंद झाली पाहिजे. प्रत्येकाचे हेल्मेट वेगळे, त्यावर त्याचे नाव, आणि डाग पडताच बदलण्यासाठी वरच्या साध्या काचा शेडमध्ये शिलकीस, एवढी तरतूद लहानात लहान धंद्यालाही झेपणारी आहे. पट्टी धरून समोर बसणाऱ्या हेल्परलाही ती लागू असावी, कारण ज्योत त्याच्याही डोळ्यांपासून हातभरच दूर असते.

वाचकहो, घराची जाळी करावयास टाकाल तेव्हा भावाची घासाघीस करण्यापूर्वी त्या शेडमध्ये माणसे किती आणि हेल्मेटे किती, एवढे मोजून या. आणि संख्या जुळत नसेल तर मालकास तसे स्पष्टपणे विचारा.