केस कसे गळतात, ते आधी पाहा

केस गळतात म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘डॉक्टरसाहेब, तेल कोणतं लावू?’ माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटचा आहे. केस डोक्याच्या कोणत्या भागातून गळतात, किती दिवसांत गळाले आणि घरात आणखी कोणाचे गळतात, हे आधी पाहिले पाहिजे. कारण अर्धे निदान त्यातच असते.

याचे उदाहरण आपल्या वऱ्हाडातच घडले. अकोल्याहून जवळच असलेल्या शेगाव तालुक्यात डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांची डोकी खाजू लागली आणि तीन-चार दिवसांत केस पुंजक्यांनी हातात येऊ लागले. त्यात बायका होत्या, पुरुष होते, लहान मुलेही होती. कोणी शाम्पूला दोष दिला, कोणी बुरशीला, बहुतेकांनी पाण्याला. बोअरच्या पाण्यात नायट्रेट जास्त निघाले, ही गोष्ट खरी. पण पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात लोक पिढ्यान्‌पिढ्या तसलेच पाणी पीत आले आहेत. त्याने तीन दिवसांत टक्कल पडल्याचे कोणी ऐकले होते काय?

खरी खूण त्या वेगात होती. ताप, बाळंतपण किंवा उपासमार यांनी केस गळतात तेव्हा ते आधी ‘विश्रांती’त जातात आणि दोन-तीन महिन्यांनी पडतात. म्हणून टायफॉइड किंवा डेंग्यू झालेला रोगी बरा होऊन कामाला लागतो आणि मग घाबरून येतो. वाढीच्या अवस्थेतला केस असा अचानक सुटतो, तेव्हा शरीरात काहीतरी विषारी गेल्याची शंका घ्यावी लागते. तेही सगळ्या वयांत एकदमच घडले, तर ताटात आणि माठात काय आहे ते शोधावे.

जानेवारी २०२५ मध्ये आयसीएमआरचे पथक आले. विंचूदंशावरील कामामुळे सर्वांना परिचित असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रोग्यांचे रक्त, लघवी व केस तपासून सेलेनियम फार वाढल्याचे आणि जस्त कमी असल्याचे सांगितले व रेशनच्या गव्हाकडे बोट दाखविले. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी काही जमिनींत सेलेनियम मुळातच जास्त आहे. हे द्रव्य शरीराला अगदी अल्प लागते, जास्त झाले की केस आणि नखे जातात. त्याच गावांत पुढे एप्रिलमध्ये नखे गळू लागली. मधल्या काळात बऱ्याच जणांचे केस परत उगवले होते. पण तोवर लाजेने कित्येकांनी डोके भादरून घेतले होते.

बाकीचे प्रकार इतके गूढ नसतात. कपाळाच्या कडा मागे सरकत जाऊन टाळू उघडी पडते, ते आनुवंशिक. नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा म्हणजे चाई. त्यात शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते. त्यावर बिब्बा चोळून कातडी जाळून घेतलेले रोगी मी पाहिले आहेत, आणि चाई तर पुष्कळदा आपोआप भरून येते! मुलाच्या डोक्यावर खवले असून केस मध्येच तुटत असतील, तर ती नायट्याची बुरशी. तिला गोळ्याच लागतात, नुसत्या मलमाने भागत नाही. घट्ट वेणीने कानाशेजारचे केस जातात, ते वेणी सैल केल्याने वेळेवर परततात. बाळंतिणीचे केस वर्षभरात सावरतात. मात्र त्या निमित्ताने तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे, ते आपल्याकडे राहूनच जाते.

आणि घरातल्या दोघा-तिघांचे केस एकाच आठवड्यात जाऊ लागले, किंवा जोडीला नखेही ठिसूळ होऊ लागली, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवावे. जाताना घरच्या गव्हाची पुडी सोबत न्यावी.