सेव्ह आणि चोरलेले बेस काढू नका

फँटसी बेसबॉलच्या लीगमध्ये लिलावाचे दिवस जवळ आले की एक मागणी हमखास पुढे येते: खेळाडूंच्या ज्या आकड्यांवर संघांना गुण मिळतात, त्यांतल्या जुन्या कॅटेगऱ्या मोडीत काढा. मागणी करणारे खेळ जाणणारे आहेत. पिचरच्या नावावर लागणारा विजय त्याच्या एकट्याच्या हातात नसतो, सेव्ह, म्हणजे थोडक्या आघाडीचा सामना शेवटी राखल्याची नोंद, मॅनेजरच्या मर्जीनं मिळते, चोरलेल्या बेसमुळे संघाच्या धावा फारशा वाढत नाहीत. मग खेळाडूची खरी योग्यता ज्यातून कळत नाही ते मोजायचं कशाला, असा त्यांचा सवाल आहे.

विजयाबाबत ते बरोबर आहेत. २०१८ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमनं दर नऊ इनिंगमागे सरासरी १.७० अर्न्ड रन दिले, साय यंग पुरस्कार मिळवला, आणि विजय नोंदले गेले अवघे १०. विजयाऐवजी क्वालिटी स्टार्ट (सुरुवातीच्या पिचरच्या चांगल्या कामगिरीची नोंद) घ्या, माझी हरकत नाही.

पण त्याच तर्कानं सेव्ह आणि बेसचोरी हद्दपार करणं साफ चूक आहे. योग्यता मोजायला आकडेशास्त्राची दुसरी साधनं आहेत. कॅटेगरीचं काम वेगळं: लिलावात बसलेल्याची निवड अवघड करणं. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी लिलावाचा हा खेळ सुरू केला, तेव्हा आठच कॅटेगऱ्या होत्या, चार बॅटिंगच्या आणि चार पिचिंगच्या. पुढे धावा आणि स्ट्राइकआउट धरून त्या दहा झाल्या. तेवीस खेळाडू घ्यायचे, हाती २६० डॉलर, आणि सगळं एकदम परवडत नाही. सारी गंमत या टंचाईत आहे.

बारा संघांची लीग घ्या. प्रत्येक कॅटेगरीत पहिल्याला १२ गुण, शेवटच्याला १. कुणी सेव्ह पूर्ण सोडून दिले आणि तो पैसा बॅटरांवर लावला, तर मधल्या क्रमांकाच्या मानानं त्याचे पाच-सहा गुण जातात. ते भरून काढायला त्याला दुसऱ्या तीन कॅटेगऱ्यांत दोन-दोन पायऱ्या चढावं लागतं. जमेल का? ते बाकीच्या अकरा जणांनी काय घेतलं यावर ठरतं. प्रत्येक कृतीला ठरावीक गुण देऊन बेरीज करणाऱ्या लीगमध्ये हा प्रश्नच उरत नाही. आपल्या फँटसी क्रिकेटमध्ये तीच पद्धत आहे: बेरीज मोठी तो खेळाडू घ्यायचा.

क्लोजरची, म्हणजे सेव्ह मिळवणाऱ्या शेवटच्या पिचरची, जागा हंगामाच्या मध्येच जाते, म्हणून सेव्ह म्हणजे नशीब, हा आक्षेप तर मला मुळीच पटत नाही. आठव्या इनिंगमध्ये कोणाला आणलं जातंय, क्लोजरच्या चेंडूचा वेग कुठे उतरतोय, हे रोज पाहणारा माणूस पुढचा क्लोजर इतरांच्या आधी उचलतो. या पाहण्याला कौशल्य म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

बेसचोरीचंही तसंच. २०२३ मध्ये मेजर लीगनं बेस मोठे केले, पिचरच्या पिकऑफवर (बेसवरच्या धावपटूला बाद करायच्या फेकीवर) मर्यादा घातली. चोरलेले बेस २०२२ च्या २,४८६ वरून ३,५०३ वर गेले. बेस मुबलक झाले की एकेका बेसची किंमत उतरते. नियम वाचून आपला भाव वेळीच बदलणं ही या कॅटेगरीची परीक्षा होती. त्याच वर्षी रोनाल्ड अकुन्या ज्युनियरनं ४१ होम रन आणि ७३ बेस एकट्यानं दिले. अशा खेळाडूवर २६० पैकी किती डॉलर ओतायचे, याचा निर्णय सोपा नसतो.

बदल करायचाच तर बॅटिंग अ‍ॅव्हरेजच्या जागी ऑन-बेस टक्केवारी आणा, तिच्यात वॉकही धरले जातात. २०२३ मध्ये काइल श्वार्बरनं ४७ होम रन मारले, १२६ वॉक मिळवले, आणि त्याचं अ‍ॅव्हरेज होतं .१९७. लुइस अराएझचं होतं .३५४, होम रन १०. या आकड्यांमुळे त्या वर्षी श्वार्बर अ‍ॅव्हरेजच्या रकान्यात संघाला बुडवत होता. ऑन-बेसमध्ये मात्र तो .३४३ आणि अराएझ .३९३. दरी दीडशेहून अधिक अंकांवरून पन्नासावर येते. अराएझची किंमत संपत नाही, श्वार्बरची वाढते, आणि दोघांपैकी कोणावर बोली लावायची हे आधीपेक्षा कठीण होतं.