वादळात मुक्या जिवांना वाली कोण?

(माझे मत : एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी)

बंदरावर धोक्याचा बावटा लागला की आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर एकच धांदल उडते. होड्या वर ओढायच्या, जाळी घरात घ्यायची, लाकडे झाकायची, पोरांना आत बोलवायचे. पण गोठ्यातली गाय, अंगणातला कुत्रा आणि चुलीजवळची मांजर यांची आठवण कितीजणांना होते? मला वाटते, ती सर्वांत शेवटी होते. कधी कधी तर होतच नाही!

१६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. हे नाव म्यानमार देशाने दिलेले असून त्याचा अर्थ ‘पाल’ असा आहे. या पालीने आपल्याकडे कौले उडवली, माड आणि आंब्याची कलमे आडवी केली, विजेचे खांब पाडले. अशा वेळी माणूस पक्क्या घरात पळतो. जनावर मात्र दाव्याला बांधलेले असते. गोठ्याचे छप्पर खाली आले तर ते जाणार कुठे? वादळानंतरही त्याचे हाल संपत नाहीत. पत्रा लागून झालेल्या जखमेत किडे पडतात, चारा भिजून कुजतो, भेदरलेला कुत्रा वाट चुकतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. जनावरांना सोडून कित्येक शेतकरी घराबाहेर पडायला तयार नव्हते. आपल्याकडेही म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्या म्हणतील, “गोरवांक टाकून मी खंय जावचंय नाय!” त्या पुरात ‘ॲनिमल राहत’ या संस्थेच्या माणसांनी मुक्या जिवांना मदत केली. अशी माणसे दोन कामे करतात. जनावर वाचवतात आणि त्याच्यासाठी मागे राहणाऱ्या माणसालाही वाचवतात.

कोणी म्हणेल, “माणसांचेच हाल, तिथे कुत्र्यामांजरांचे काय घेऊन बसलात?” प्रश्न बरोबर आहे. माणूस आधीच. पण मेलेली जनावरे कुजली की विहिरीचे पाणी बिघडते, रोगराई येते. ती शेवटी माणसालाच भोवते ना?

दुसरी गोष्ट. सरकारने २०२२ साली ठरवलेल्या नियमांत आपत्तीत दगावलेल्या दुभत्या गाईम्हशीमागे ३७,५०० रुपये, शेळीमागे ४,००० रुपये आणि कोंबडीमागे १०० रुपये मदत धरली. कुत्रा आणि मांजर त्या यादीत नाहीत. त्यांचे पैसे होत नाहीत, म्हणून त्यांचा हिशेबही नाही. राखण करणाऱ्या कुत्र्याला मग वाली कोण? ही बचाव मंडळेच. म्हणून त्यांच्या पाठीशी उभे राहणे आपले काम आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत मूलभूत कर्तव्ये छापतात. त्यांत प्राणिमात्रांवर दया करणे हेही एक आहे. ते नुसते वाचून कसे चालेल?

अमेरिकेत २००५ साली ‘कतरिना’ वादळ आले. निवाऱ्यात कुत्र्यामांजरांना घेत नव्हते, म्हणून पुष्कळ लोक घर सोडेनात. मग २००६ साली तिथे कायदा झाला, की सुटकेची योजना करताना पाळीव प्राण्यांचाही विचार करायचा.

हे आपल्यालाही जमेल. संकटात गावाचा निवारा बहुधा शाळेतच असतो. पालकहो, तुम्ही आज शाळेत आला आहात, म्हणून तुम्हालाच विचारते. शाळेच्या पडवीचा एक कोपरा जनावरांसाठी ठेवता येणार नाही का? ग्रामसभेत हा विषय कोणीतरी काढावा, असे मला वाटते.

मित्रांनो, आपण लहान असलो तरी पुढील गोष्टी करू शकतो :

१. बावटा लागताच दावे सोडून गुरे पक्क्या जागी न्यायची आठवण घरी करावी. मांजरासाठी झाकणाची टोपली तयार ठेवावी.

२. पावसाळ्यापूर्वी गुरांना घटसर्प व फऱ्या यांची आणि कुत्र्याला रेबीजची लस द्यायला घरी सांगावे.

३. जुनी गोणपाटे, चादरी, दोर वर्गात जमा करावेत. बचाव मंडळांना ते उपयोगी पडतात. वाढदिवसाच्या चॉकलेटातले दोन रुपयेही चालतील.

४. जखमी जनावराला स्वतः हात लावू नये, पाण्यात तर मुळीच उतरू नये. मोठ्यांना सांगावे. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा फोन नंबर आहे.

थेंबे थेंबे तळे साचे. गाय हंबरते, कुत्रा भुंकतो, पण ‘मला वाचवा’ असे त्यांना बोलता येत नाही. ते आपण बोलू या. पुढच्या वादळाआधीच बोलू या!