मनाचा कौल आणि मुरलेली नजर

‘आतून वाटणे’ ही अंधश्रद्धाच, हे गेल्या अंकातल्या लेखाचे मत पटले नाही. मी परिचारिका आहे. तक्त्यावर नाडी, रक्तदाब ठीक असतात; पण सकाळी गप्पा मारणारा रुग्ण एकाएकी चादर चाळवू लागतो, कपाळ गार, ओलसर लागते. काहीतरी बिनसलंय, हे आम्हाला आधी जाणवते, त्याचे कारण मात्र नंतर सांगता येते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन अशा जाणिवेबद्दल साशंक होते, तर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन तिचे पुरस्कर्ते. २००९ च्या संयुक्त निबंधात दोघे सहमत झाले: अशी जाणीव भरवशाची ठरायला परिस्थितीत नियमितता हवी आणि सरावातून चूक-बरोबर कळत जायला हवे. या अटी शेअर बाजारात पुऱ्या होत नाहीत, म्हणून तिथल्या ‘आतल्या आवाजा’वर माझाही विश्वास नाही. पण रात्रपाळीची सिस्टर ‘डॉक्टर, एकदा बघून जा’ म्हणाली, तर कृपया उठून या.

– एक परिचारिका, सोलापूर