बिनतारीचा परवाना आणि नागरिक

गावाला पुराचा वेढा पडला म्हणजे निरोपाची किंमत अन्नाहून कमी राहत नाही. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावरील रहिवाशांच्या सुटकेसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे धाडावी लागली, हे यवतमाळकर विसरलेले नसतील. अशा जिल्ह्यात, रात्री शेताची राखण करणाऱ्यापासून पूरग्रस्तांच्या मदतीस धावणाऱ्या तरुणापर्यंत, हातातील वॉकी-टॉकी ही कोणासही चैनीची वस्तू नव्हे. परंतु ती बाळगणारा गृहस्थ नकळत गुन्हेगार ठरू शकतो, हे किती जणांस ठाऊक आहे?

१९३३ च्या बिनतारी कायद्यात विनापरवाना प्रक्षेपक बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही अशी यंत्रे सरसकट मोकळी केलेली नाहीत. हे बंधन आम्ही अनाठायी मानीत नाही. साध्या वॉकी-टॉकीच्या एका लहरीवर एका वेळी एकालाच बोलता येते. पोलिसांच्या लहरीत हौशी माणसाने तोंड घातले, तर खरी हाक बुडून जाते.

तथापि कायद्याने सवलतही ठेविली आहे. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीची यंत्रे परवान्यावाचून वापरता येतात. मात्र यंत्राला सरकारी मान्यता हवी. अडचण अशी की, परवान्याचे आणि बिनपरवान्याचे यंत्र दिसावयास सारखेच. फरक सांगावयाचा तो विकणाऱ्याने. ते घडत नाही, म्हणूनच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास मे २०२५ मध्ये १३ ऑनलाइन विक्री-मंचांना नोटिसा काढाव्या लागल्या.

दंडाचा रोख प्रथम विक्रेत्याकडे असावा, अजाण ग्राहकाकडे नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण तेवढ्याने भागणार नाही. कोणते यंत्र चालते आणि कोणते नाही, हे जिल्हा प्रशासनाने सोप्या मराठीत तहसील कचेऱ्यांतून व ग्रामपंचायतींतून जाहीर करावे. दूरवर संपर्क साधू इच्छिणाऱ्या तरुणांना हौशी बिनतारी चालकाच्या परीक्षेची वाट दाखवावी. १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच परवानाधारक हौशी चालकांनी निरोप पोहोचविले होते. असे चार-दोन चालक प्रत्येक तालुक्यात असणे, हे पुढच्या पावसाळ्यापूर्वी साधण्याजोगे काम आहे.