पदक आणि पेन्शन
बायका लष्करात गेल्या म्हणजे समता आली का, हा वाद आपल्या बैठकांत नेहमी होतो. युद्धखोरीला माझा विरोधच आहे. पण म्हणून तिथे नोकरी करणाऱ्या बाईच्या हक्कांकडे पाठ फिरवायची का?

१९९९ च्या कारगिल युद्धात गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी हेलिकॉप्टर चालवले. २०२० मध्ये त्यावर सिनेमा आला आणि चर्चा रंगली ती पहिली कोण, हवाई दलाची बदनामी झाली का, याचीच. त्या काळी बायकांना शॉर्ट सर्व्हिस कमिशनच मिळे. मुदत संपली की पेन्शनविना घरी. हे मात्र मागे पडले.

हवाई दलातल्या बाईला शौर्यासाठी वायुसेना पदक मिळायला २०२३ उजाडले. मध्य प्रदेशातल्या पुरात माणसे वाचवणाऱ्या विंग कमांडर दीपिका मिश्रा यांचा मलाही अभिमान वाटतो. पण ३२ माजी महिला अधिकाऱ्यांना पेन्शनसाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. २०२२ च्या निकालाने पेन्शनचा मार्ग खुला झाला, नोकरी परत मिळाली नाही.

पदक एकीला मिळते, सेवेचे नियम सगळ्यांना लागू होतात. अभिनंदनाचा ठराव करताना त्या नियमांचाही जाब आपण विचारायला हवा.