“मला घाई आहे!”

बार्शी लाइटचा तो विनोद तुम्ही ऐकलाच असेल. रुळांच्या कडेने एक म्हातारी चाललेली असते. ड्रायव्हर इंजिनातून डोके काढून म्हणतो, “आजी, या, बसा गाडीत.” म्हातारी म्हणते, “नको रे बाबा, मला घाई आहे!” अतिशयोक्ती शिकवताना हा विनोद मी वर्गात कित्येक वर्षे सांगत आलो. मुले अलंकार विसरतात, म्हातारी विसरत नाहीत.

एका दिवाळीत फराळाच्या पंगतीत मी तो घरीही सांगितला. सगळे हसले. आजी तेवढी हसली नाही. चकलीचा तुकडा बशीत ठेवून म्हणाली, “तिचे पाय धड होते, म्हणून म्हणाली.”

आजीचा डावा पाय लहानपणीच अधू झाला होता. लातूरजवळच्या खेड्यात ती नांदायला आली. घरात पिढीजात वारी. दीर, जावा, सारे पायी निघत. हिला मात्र पायी वारी शक्य नव्हती. त्या घरात आजी वारकरी ठरली ती या गाडीमुळे, आणि आमचे बंधुराज व मी त्याच गाडीवर हसत होतो!

‘लाइट’ म्हणजे हलकी, हे मला फार उशिरा कळले. तोवर मी ती दिवे लावलेली गाडी समजत असे. (आजीच्या मते डब्यातला दिवा असून नसून सारखाच.) हलकेपणा हीच तर तिची सारी करामत होती. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा जी. आय. पी.चा मोठा रस्ता बार्शीला बाजूला टाकून गेला. कापसाची, धान्याची एवढी पेठ. पण ‘बार्शी रोड’ नावाचे स्टेशन एकीकडे आणि बार्शी वीस-बावीस मैलांवर दुसरीकडे. ते स्टेशन म्हणजे आपली आजची कुर्डुवाडी. मधला प्रवास बैलगाडीचा.

जी. आय. पी.तच नोकरीला आलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने हे अंतर हेरले. त्याने हिशेब मांडला तो असा: रूळ अडीच फूट रुंदीचे ठेवायचे आणि इंजिन असो, प्रवासी डबा असो की मालडबा, एकेका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि जिथे मोठी रेल्वे परवडत नाही तिथेही गाडी जाते. इंजिनाचे वजन पुष्कळ चाकांवर वाटले, म्हणून ते आठ जोडचाकांचे झाले. १८९५ साली लंडनात कंपनी निघाली. त्याच सुमारास इंग्लंडात लीड्सजवळ रूळ टाकून, हे इंजिन व डबे चालवून जाणकारांना दाखवण्यात आले. १८९७ साली गाडी बार्शीला पोचली.

पुढे १९०६ साली ती पंढरपूरला गेली, १९११ साली निजामाच्या मुलखातल्या लातूरला आणि १९२७ साली मिरजेला. अशी सारी मिळून २०२ मैल. कॅलथ्रॉप त्याच १९२७ साली वारला. मधल्या काळात हा गृहस्थ विमानातून उडी मारण्याची छत्री तयार करण्याच्या मागे लागला होता, आणि ती पहिल्या महायुद्धात वापरलीही गेली. हलक्या गाडीचा माणूस हवेत जाणारच! १९५४ साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली.

आजीला यातले काही ठाऊक नव्हते. तिच्या हिशेबी लातूरहून निघायचे, येडशी, बार्शी करीत कुर्डुवाडी गाठायची, फलाटावर बोचक्यावर डोके टेकून रात्र काढायची आणि सकाळी पंढरपूरची गाडी धरायची. आषाढीच्या गर्दीत मालडब्यातही बसावे लागे. “गुरांसारखे?” असे मी एकदा विचारले. “विठोबाकडे जाणाऱ्याला डबा कुठला न् काय,” ती म्हणाली. पण मालडब्यात चढताना पायाला कोण यातना होत, हेही तिनेच सांगितले. कोळशाचे कण डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून गाडी सुटताच ती पदर डोळ्यांवर बांधून घेई. आवाजावरून तिला कळे, चढ लागला की पूल आला. चढाला इंजिन दमू लागले की डब्यातल्या बायका अभंग मोठ्याने म्हणत, जणू त्यांच्याच जोरावर गाडी वर चढणार होती.

या शतकाच्या सुरुवातीला अडीच फुटी रूळ उखडून मोठे रूळ टाकण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले. नवा मार्ग काही ठिकाणी वळवून नेला. पूर्वी जे धाराशिव रुळांपासून दूर होते, तिथे आता गाडी थांबते.

नवा मार्ग सुरू झाल्यावर मी आजीला पंढरपूरला नेले. ऐंशी उलटली होती. मी तिला धरून चढवले, खिडकीशी बसवले. गाडी सुटली, वेग आला. कुर्डुवाडी येण्याआधी काही खाऊन घेशील का, असे विचारायला वळलो, तर आजीने पदराची घडी करून डोळ्यांवर घट्ट बांधली होती.

“आजी, आता कोळसा नसतो,” मी म्हणालो.

“माहीत आहे,” ती म्हणाली, “पूल आला की सांगू नकोस. मला कळेल.”